तळ्यात कर्दळ-वाळ्याचे तराफे सोडून पाणी खरंच सुधारतं का? (सोसायटीमागचं तळं)

तळ्याकाठचा_४०२

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीमागे एक जुनं तळं आहे, साधारण पाच एकराचं असेल. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण इथे आमच्या वॉर्डातले बरेच जण वाचतात आणि मग तळं राहतं बाजूला आणि राजकारणच सुरू होतं. आठ वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला तेव्हा ब्रोकरने 'लेक व्ह्यू' म्हणून स्क्वेअर फुटामागे जास्तीचे पैसे लावले होते, आता त्या बाजूच्या खिडक्या आम्ही मार्चपासून जूनपर्यंत उघडतच नाही. पाणी असं हिरवं की कुणीतरी ऑइलपेंटचा डबा ओतलाय, आणि पहाटे फिरायला गेलं की मासे तोंड वर काढून आ वासत असतात, ऊन चढलं की परत खाली जातात. मागच्या वर्षी अख्खं तळं जलपर्णीने भरलेलं, मग पोकलेन आणून काढली आणि काठावरच ढीग मारून ठेवली, ती तिथेच कुजली आणि पहिल्या पावसात अर्धी परत आत.

आता कमिटीत एकाने आयडिया आणलीय की पाण्यावर तरंगणाऱ्या बागा करायच्या, तराफ्यावर कर्दळ, वाळा वगैरे लावायचं, झाडं घाण शोषून घेतात म्हणे. एक कंपनीवाले येऊन प्रेझेंटेशन पण देऊन गेले, २०० चौरस मीटरचे तराफे आणि सहा महिन्यांत पाणी काचेसारखं! कोटेशनचा आकडा लिहीत नाही, पण लिफ्ट बदलायला साठवलेले पैसे त्यात जातील एवढा आहे. तळ्याला वरच्या अंगाने एक नाला येतो, त्यात वरच्या वस्तीचं पाणी येतं असं सगळे म्हणतात.

तर कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? झाडं कुठली लावायची, आणि खरंच फरक पडतो की नुसतं फोटोपुरतं? प्लीज अनुभव सांगा.

पाणकावळा

३१ वर्षं सांडपाण्याच्या प्लँटवर काढलीत, आता रिटायर आहे, त्यामुळे थोडं लेक्चर होईल, सहन करा.

पहिलं म्हणजे झाड घाण 'पितं' हा अर्धवट समज आहे. झाड पाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस (म्हणजे शेवाळाचं खतच) घेतं, बरोबर, पण तराफ्याखाली जी मुळं लोंबतात त्यांच्यावर एक बुळबुळीत थर धरतो, त्यातले जिवाणू जास्त काम करतात. शिवाय गढूळपणा त्या मुळांच्या झुबक्यात अडकून खाली बसतो आणि तराफ्याच्या सावलीत शेवाळाला ऊन मिळत नाही. म्हणजे मुळं ही जिवाणूंची चाळ समजा, झाड वर उभं आहे ते चाळमालक.

दुसरं, आणि हे कोटेशनवाले कधीच सांगत नाहीत. झाडाने शोषलेला फॉस्फरस झाडातच असतो. पान पिवळं पडून पाण्यात पडलं की जिथून आला तिथे परत. म्हणजे झाडं कापून तळ्याबाहेर नेली तरच तो बाहेर गेला. तुमची जलपर्णी काठावर कुजली तेव्हा नेमकं हेच झालं, पोकलेनचं भाडं भरलं आणि खत परत तळ्यालाच घातलं.

पहाटेच्या माशांचं जे लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच खातं, त्यामुळे पहाटे पाण्यातला ऑक्सिजन अगदी कमी होतो. अंघोळीच्या लायक पाण्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम तरी विरघळलेला ऑक्सिजन लागतो आणि बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू जो ऑक्सिजन खातात तो, ३ च्या आत. तुमच्या तळ्यात पहाटे ऑक्सिजन १-२ निघाला तरी मला नवल वाटणार नाही. पाण्याचा नमुना कोणी दुपारी १२ ला घेऊन 'ऑक्सिजन उत्तम' असा रिपोर्ट दाखवला तर हसून सोडून द्या.

आता कोटेशन ठेवा बाजूला आणि एक काम करा. नाला तळ्यात पडतो तिथे १५ लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. सकाळी ८ ला एकदा, दुपारी ३ ला एकदा. पाऊस नसताना. आकडे इथे टाका, मग बोलू.

सौ_शहाणी

एक बाळबोध प्रश्न. झाडंच घाण शोषतात तर जलपर्णी पण झाडच आहे ना? फुकटात आलीय, स्वतःहून वाढते, मग ती पैसे देऊन काढायची आणि पैसे देऊन दुसरी झाडं लावायची हा काय प्रकार आहे? 😄

पाणकावळा

@सौ_शहाणी ताई, बाळबोध अजिबात नाही, आम्ही कॉलेजात याच्यावर तास-तास भांडायचो. जलपर्णी शोषायला एक नंबर आहे. पण ती आपल्या ऐकण्यातली नाही. दोन आठवड्यांत दुप्पट होते, पूर्ण तळं झाकलं की हवा पाण्याला लागत नाही, खालचं पाणी मरतं. बी गाळात वीस-वीस वर्षं टिकतं. आणि मॅन्सोनिया नावाचा एक डास आहे, त्याची अळी हवेसाठी वर येतच नाही, पाणवनस्पतीच्या मुळाला भोक पाडून तिथूनच श्वास घेते, म्हणजे वरून तेल टाकून पण मरत नाही. तराफ्यावरची कर्दळ निदान तराफा सोडून पळत नाही.

तसं जलपर्णीला कामाला लावणारे लोक पण आहेत. कोलकात्याच्या पूर्वेला शहराचं सांडपाणी हजारो एकर उथळ तळ्यांमध्ये सोडतात आणि त्यावर मासे वाढवतात, २००२ पासून ती जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथले मासेवाले बांधालगत जलपर्णीची पट्टी मुद्दाम अडवून ठेवतात, लाटांनी बांध ढासळू नये म्हणून. पण तिथे रोज पाण्यात उतरणारी माणसं आहेत ज्यांचं पोट त्याच्यावर आहे. आपल्याकडे तळ्यात उतरतो कोण, तर गणपतीला.

रंकाळाकाठ

आमच्या कोल्हापुरात जलपर्णी म्हणत नाहीत, केंदाळ म्हणतात. रंकाळ्यात केंदाळ काढायला शाळेतली पोरं, तालमीतली पोरं, सगळे उतरलेले बघितलंय, मी पण उतरलोय, नंतर चार दिवस पायाला खाज. आणि काढून झालं की काय भारी वाटायचं, मोकळं पाणी, संध्यामठ दिसतोय लांबून. पण मग पाणी हिरवं व्हायला लागलं. तेव्हा आम्हाला कळायचं नाही की केंदाळ काढलं तरी हिरवं कुठनं आलं. अहो खायला तेवढंच होतं, आधी केंदाळ खात होतं, ते उठल्यावर पंगतीला शेवाळ बसलं!

म्हणून सांगतो तळ्याकाठचा भाऊ, वरनं वाढणारा बंद केल्याशिवाय पंगत उठत नाही. नाला बघा आधी.

हैदराबादकरीण

मी मूळची सोलापूरची, लग्नानंतर हैदराबादला. इथे मणिकोंडाच्या बाजूला नेकनामपूरचं तळं आहे, त्यात २०१८ साली ध्रुवांश नावाच्या संस्थेने मोठा तरंगता तराफा सोडला, ३००० चौरस फुटांचा. तेव्हा देशातला सगळ्यात मोठा म्हणून इंडिया बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये पण नाव आलं होतं. थरांवर थर होते, खाली बांबू, त्यावर थर्माकोलसारखे ठोकळे, मग गोणपाट, मग खडी. माती नाहीच. झाडं म्हणाल तर वाळा, कर्दळ, पाणकणीस, गवती चहासारखा वास येणारं सिट्रोनेला, जास्वंद, तुळस, अश्वगंधा सुद्धा!

मी काही तज्ज्ञ नाही पण एक सांगते, तिथे तराफा ही सगळ्यात शेवटची गोष्ट होती. त्याच्या आधी लोकांनी काठावरचा कचरा उचलला, जलपर्णी काढली, आणि येणाऱ्या सांडपाण्याच्या मागे लागले. पेपरात फोटो मात्र तराफ्याचाच येतो कारण तोच दिसायला छान 🙂 आणि शहर एवढं वाढतंय की सांडपाण्याशी भांडण काही संपत नाही, तराफा सोडला आणि घरी गेलो असं नाही होत.

नळजोड

मी प्लंबिंगची कामं घेतो. गावाला देवळामागच्या तळ्यात पोरांनी मिळून सहा तराफे केलेत, त्यातले पहिले तीन फुकट गेले, ते कसे गेले ते आधी सांगतो कारण तेच कामाचं आहे.

तराफा सोप्पा आहे. ४ इंची पीव्हीसी पाइप (११० एमएम) २० फुटी एक, त्यात २ मीटर बाय १ मीटरची चौकट बसते, चार एल्बो, सोल्युशन लावून चारी कोपरे हवाबंद. मीटरला साधारण ८ किलो भार उचलतो, म्हणजे एक तराफा ४५-५० किलो. मध्ये शेतातली नायलॉन जाळी ताणून बांधायची, त्यावर काथ्याचा थर, त्यात भोकं करून रोपं. माती घालू नका, माती धुऊन तळ्यातच जाते आणि वजन फुकटचं. थर्माकोल वापरू नका, उन्हाने दोन वर्षांत त्याचे मणी होतात आणि मासे खातात. मला एक तराफा अडीच हजाराच्या आत-बाहेर पडला, रोपं फुकट, कारण कर्दळ आणि अळू गावात कुठेही मिळते.

आता फजिती. पहिले तीन जूनमध्ये टाकले. पहिल्याची दोरी दगडाला अगदी ताणून बांधली. जुलैत तळं चार फूट चढलं, दोरी तेवढीच, एक कोपरा पाण्याखाली ओढला गेला आणि अख्खा तराफा उभा राहिला, झाडं सगळी खाली. दोरीला ढील ठेवा!! दुसरा नीट राहिला पण जांभळ्या पाणकोंबड्या येऊन बसल्या आणि कर्दळीचे कोंब मुळ्यासारखे खुडून खाल्ले. तिसऱ्याला खालून चिलापी लागली, मुळं वाढायच्या आधीच कुरतडून टाकायची, आम्हाला वाटायचं रोपंच खराब आहेत. मग पुढच्या तिघांना खालून एक बारीक जाळीचा पाळणा आणि वरून दोन महिने जाळी, तेव्हा कुठे टिकले.

तीन महिन्यांनी एक उचलून बघितला तर मुळं माझ्या बोटांपासून कोपरापर्यंत लांब, आणि त्यावर तपकिरी बुळबुळीत थर, बोटाने पुसला तर खाली पांढरं मूळ. त्यात बारक्या गोगलगायी आणि काचेसारखे झिंगे उड्या मारतायत. पाणकावळा काका म्हणतात ती चाळ हीच असणार.

पाणी सुधारलं का? तराफ्याच्या आजूबाजूला थोडं नितळ वाटतं. अख्खं तळं, नाही. खोटं कशाला बोलू. पण आमच्या तळ्यात नाला येत नाही, फक्त म्हशी येतात.

सौ_शहाणी

फक्त म्हशी येतात 😂😂 त्यांना कोण सांगणार.

बाकी अळू लावाल तर त्याची वडी करू नका बरं. सांडपाण्यातली अळूची पानं मंडईत विकायला येतात असं ऐकल्यापासून मी कुंडीतच लावलंय.

पाणकावळा

बरोबर बोललात, त्यातलं काहीही खाऊ नका. नाळीची भाजी तर अजिबात नको, ती पाण्यातलं शिसं-बिसं पण गोळा करते, आणि एखादी गॅरेजची किंवा प्लेटिंगच्या शेडची लाइन नाल्यात आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. कापलेला पाला कंपोस्टला घाला, ते खत बागेतल्या शोभेच्या झाडांना.

झाडांचं म्हणाल तर वाळा चांगला, आपल्याकडच्या लागवडीच्या वाळ्याचं बी रुजत नाही, त्यामुळे पसरत नाही. कर्दळ, वेखंड, लव्हाळा चालतील. पाणकणीस तराफ्यावर ठीक, काठावर लावलंत तर तुमच्या नातवंडांना पण काढता येणार नाही.

आणि ते बादलीचं काय झालं?

तळ्याकाठचा_४०२

सॉरी उशीर झाला, ऑफिसच्या गडबडीत राहिलं. आज सुट्टी होती म्हणून मुलीला घेऊन गेलो, ती सेकंद मोजायला, मी बादली धरायला. वास काय विचारू नका, मुलगी एका हाताने नाक धरून दुसऱ्या हातात मोबाइल.

सकाळी ८:१० ला बादली ६ सेकंदांत भरली. दोनदा केलं, दोन्ही वेळा ६. दुपारी ३ ला १४ सेकंद. पाणी राखाडी, वर साबणाचा फेस. महिनाभर पाऊस नाहीये.

पाणकावळा

शाब्बास. मुलीला माझ्यातर्फे चॉकलेट.

आता गणित. सकाळी सेकंदाला अडीच लिटर, दुपारी एक लिटरच्या वर थोडं. रात्रीचं कमी धरून सरासरी दीड धरू. दिवसाला झालं सव्वा लाख लिटरच्या आसपास. पाऊस नसताना वाहतंय म्हणजे हे सगळं घराघरातलं. माणशी १०० लिटर सांडपाणी धरलं तर साडेबाराशे माणसं.

माणूस दिवसाला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन सांडपाण्यात सोडतो. म्हणजे तुमच्या तळ्यात रोज साडेबारा किलो. आता ते २०० चौरस मीटरचे तराफे. मी उदार होऊन धरतो की एक चौरस मीटर झाडं वर्षाला ३०० ग्रॅम शोषतील, आणि तुम्ही ती सगळी वेळेवर कापून बाहेर न्याल. झाले ६० किलो. वर्षभराचे. तुमच्या नाल्याचे पाच दिवस. जिवाणूंनी वायू करून हवेत उडवलेलं नायट्रोजन धरून दुप्पट करा, तिप्पट करा, पंधरा दिवस. उरलेले ३५० दिवस काय करणार? लिफ्ट तशीच ठेवून जिने चढणार? २०० चौरस मीटर म्हणजे तुमच्या तळ्याचा एक टक्का फक्त.

झाडांनीच करायचं असेल तर ती नाल्याच्या तोंडाशी लावा, तळ्यात नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड म्हणून तंत्र आहे, खडी भरलेल्या हौदातून सांडपाणी खालून जातं, वर कर्दळ, पाणकणीस, नळाचं गवत, पाणी वर दिसतच नाही त्यामुळे डास नाहीत, वास नाही, पंप सोडला तर वीज नाही. आपल्या हवेत माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा लागते असं धरून चाला. म्हणजे तुम्हाला साडेबारा ते पंचवीस गुंठे. आहे का तेवढी जागा नाल्याकडेला? नसणार, असती तर तिथे आतापर्यंत टॉवर झाला असता.

म्हणून माझा प्रश्न वेगळाच आहे. साडेबाराशे माणसं म्हणजे चार जणांचं कुटुंब धरून ३००-३२५ घरं. तुम्ही म्हणता वरची वस्ती. वस्तीत घरं किती आहेत? आणि वस्तीत एवढं पाणी येतं का हो रोज? नाल्याच्या कडेने वर चालत जा, पाइप कुठे मिळतो ते बघा. सकाळी जा, फेस जास्त असतो तेव्हा.

रंकाळाकाठ

काका सीआयडीतनं रिटायर झालेत की प्लँटवरनं 😀

तळ्याकाठचा_४०२

गेलो होतो. लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं.

वस्तीत ६०-७० घरं आहेत, पाणी एक दिवसाआड येतं, तेही तासभर. एका मावशींना विचारलं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं, म्हणाल्या आमचं पाणी पुढच्या मेन लाइनला जातं, तुमच्याकडे कशाला येईल, आम्हालाच वास येतो खालून. वस्तीपाशी नाला जवळजवळ कोरडा होता. म्हणजे फेस मध्येच कुठेतरी सुरू होत होता. परत खाली आलो. घाणेरीच्या झुडपात एक जाड पाइप, त्यातून धबाधबा. पाइपच्या मागे कंपाउंड वॉल. आणि वॉलच्या आत आमचं पार्किंग.

आमच्या सोसायटीत ३१८ फ्लॅट आहेत.

एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट आहे आमच्याकडे, बिल्डरने दिलेला, दर महिन्याला मेंटेनन्समध्ये त्याचे पैसे पण कापले जातात. ऑपरेटरला गाठलं. तो बिचारा म्हणाला साहेब टाकीत हवा सोडणारा ब्लोअर दीड वर्ष बंद आहे, लाइट बिल वाचवायला आधी रात्रीचा बंद ठेवायला सांगितला, मग तो जाम झाला, मग दुरुस्तीचं कोटेशन जास्त वाटलं म्हणून सांडपाणी प्लँट टाळून थेट नाल्यात जावं म्हणून बायपासचा व्हॉल्व्ह उघडून दिला. हे सगळं कमिटीच्या मिनिट्समध्ये आहे म्हणे. कमिटीत मागच्या वर्षी मी पण होतो. सही केली असणार. वाचलं नसणार.

आणि आठ वर्षं आम्ही सगळे गच्चीवर बसून वस्तीच्या नावाने बोटं मोडतोय.

रविवारी मीटिंग लावलीय. तराफ्यांचा विषय अजेंड्यावर पहिला होता, तो खाली ढकलला. काका, ब्लोअर चालू केला की लगेच पाणी स्वच्छ येईल का, की आणखी काही बघावं लागेल? मीटिंगमध्ये विचारतील लोक.

सौ_शहाणी

दादा, हे इथे लिहिलंत, तुम्हाला नमस्कार. दुसरा असता तर थ्रेड डिलीट करून गेला असता.

पाणकावळा

लगेच नाही. दीड वर्ष बंद म्हणजे टाकीतले जिवाणू कधीच मेलेत, खाली काळा गाळ बसला असेल. आधी टँकरने गाळ उपसा, मग जवळच्या एखाद्या चालू प्लँटवरून एक-दोन टँकर जिवंत स्लज (जिवाणूंनी भरलेला गाळ) आणून सोडा, पोतंभर पावडर विकायला कोणी आलं तर घेऊ नका. ब्लोअर २४ तास. तीन-चार आठवड्यांत पाणी बदलायला लागेल. बायपासच्या व्हॉल्व्हला कुलूप, किल्ली ऑपरेटरकडे नको.

चांगला चालला तरी त्या पाण्यात फॉस्फरस उरतोच, तेव्हा जमेल तितकं बागेला आणि फ्लशला वापरा, उरेल ते तळ्यात. तिथे मग नळजोड यांचे तराफे पाइपच्या तोंडापाशी लावा, दहा-बारा पुरेत सुरुवातीला. आणि तळाच्या गाळात इतक्या वर्षांचं साठलंय ते दोन-तीन उन्हाळे तरी हिरवं करत राहणार, लोकांना हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या एप्रिलला तुमच्याच नावाने शिमगा.

एक स्टीलची जुनी ताटली घ्या, निम्मी काळी निम्मी पांढरी रंगवा, मध्ये भोक पाडून दोरी. दर रविवारी मुलीला घेऊन पाण्यात सोडा, दिसेनाशी होईल तिथे दोरीला गाठ मारून फूटपट्टीने मोजा आणि वहीत लिहा, जितकी खोल दिसेल तितकं पाणी नितळ.

मीटिंगला जायच्या आधी ब्लोअरचा बेल्ट बघून घ्या. कधीकधी मोटर ठीक असते आणि कोटेशनमध्ये अख्खा ब्लोअर लावलेला असतो.

तळ्याकाठचा_४०२

आत्ताच खाली जाऊन बघितला. बेल्टच नाहीये काका.